एकखांबी महालातला वारा

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की आमच्या घरात क्षणभर सारे गप्प होतात. ताईची मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिला मधुमेह आहे. हा मोठ्यांना होतो तो नव्हे. यात शरीराचे संरक्षक सैन्यच इन्सुलिन तयार करणाऱ्या आपल्या पेशी मारून टाकते. करंजी उचलण्यापूर्वी पोर बोट टोचून रक्त पाहते, पोटात सुई घेते आणि मगच खाते. यंदा वसुबारसेला तिने मला विचारले, "मामा, तू एवढं वाचतोस, मग सांग ना, माझी सुई कधी सुटणार?"

मी पडलो मराठीचा मास्तर! वृत्त विचारा, अलंकार विचारा. पण भाचीला 'अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न' म्हणून कसे टाळणार? शोधाशोध केली. जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

जठरामागे स्वादुपिंड असते. त्यात विखुरलेले पेशींचे पुंजके १८६९ मध्ये बर्लिनच्या पाउल लँगरहॅन्स या विद्यार्थ्याने प्रथम वर्णिले. त्यांना आज 'लँगरहॅन्सची बेटे' म्हणतात. इन्सुलिन तयार होते ते तिथेच. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी ते वेगळे काढले, आणि सुईने असंख्यांचे प्राण वाचले. पण सुईऐवजी दुसऱ्याची बेटेच आणून बसवली तर? २००० साली कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी सात रोग्यांवर तेही करून दाखवले, आणि सातांचीही सुई सुटली. मात्र शरीराने परकी बेटे मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी जड औषधे गळ्यात पडली. लहान पोरीला ती कोण देईल?

यावर तोड म्हणजे कवच. समुद्रशेवाळातून काढलेल्या अल्जिनेटच्या कवचात बेटे ठेवून लिम व सन यांनी १९८० मध्ये उंदरांवर प्रयोग केला. कवचाची छिद्रे इतकी बारीक की साखर आत जावी, इन्सुलिन बाहेर यावे आणि सैनिक पेशी मात्र दाराशीच अडाव्यात.

इथे मला परीक्षित राजा आठवला. तक्षकाच्या भयाने तो एकखांबी महालात राहिला. तिथे वाऱ्यालाही मज्जाव होता, असे कथेकरी सांगतात. बेटांचे तसेच झाले. शत्रू बाहेर राहिला, पण वाराही बाहेरच राहिला! स्वादुपिंडाच्या वजनात शेकडा एकदोन भाग असलेली ही बेटे त्याच्या रक्तातला दहावा हिस्सा तरी ओढतात, इतकी त्यांना प्राणवायूची हाव. कवचात रक्तवाहिन्या शिरत नाहीत. बाहेरून झिरपणारा प्राणवायू मिलिमीटरचा लहानसा अंशच आत पोचतो, आणि मधल्या पेशी गुदमरून मरतात. पेशी दाटीने भराव्यात तर तो कोंडमारा अधिकच वाढतो.

म्हणून आता साऱ्यांचा रोख खिडकी पाडण्यावर आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथे एका रोग्याच्या शरीरात बेटांची डबी बसवून तिच्यात रोज बाहेरून प्राणवायू भरत. त्याचा वृत्तान्त २०१३ मध्ये आला. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे न देताही बेटे दहा महिने जगली, पण रोग्याची सुई काही सुटली नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये शरीरातल्याच पाण्याच्या वाफेतून विजेने प्राणवायू काढणारी छोटी डबी उंदरांत बसवली. तिने महिनाभर त्यांची साखर ताब्यात ठेवली.

मला सर्वांत आवडली ती कॉर्नेल विद्यापीठाची २०२१ मधली युक्ती. आपल्या गृहिणी दिवाळीआधी पीठ चाळून ज्या अळ्या फेकून देतात, त्यांच्याच एका जातीवरून ती सुचली. अळीला फुप्फुसे नसतात. अंगभर पसरलेल्या बारीक नळ्यांतून तिला हवा मिळते. पाण्यापेक्षा हवेतून प्राणवायू सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो. म्हणून कवचाच्या आतच तसल्या हवेच्या वाटा ठेवल्या, आणि मधुमेही उंदरांची साखर सहा महिन्यांपर्यंत ठीक राहिली. परीक्षिताला मारणारा तक्षक फळातला किडा होऊन आला होता. इथे मात्र किड्यानेच महालाला खिडकी दाखवली!

भाऊबीजेला मी भाचीला सारे सांगितले. "उंदरांची सुटली बाळ, माणसांची अजून नाही. केव्हा सुटेल, ते मला सांगता येत नाही."

ती म्हणाली, "म्हणजे त्यांना नीट श्वास घेता आला पाहिजे, एवढंच ना?"

एवढेच! त्या 'एवढ्या'साठी चाळीसांहून अधिक वर्षे गेली आहेत. मी मान हलवली. तिने बोट पुढे केले, ताईने सुई काढली आणि मी करंजीची ताटली पुढे सरकवली.