खिशातला दगड

जावळीच्या खोऱ्यातील वाड्यावस्त्यांवरची मुले गावची शाळा संपली की मेढ्याला शिकायला येतात. काल एका सतरंजीवर बसलेले दोघे आज वेगळ्या तुकड्यांत जातात. एकाला कबड्डीचे सवंगडी मिळतात. दुसऱ्याच्या खिशात जांभ्याचा खडा तेवढा उरतो. वर पठारावर तांबडा जांभा आणि खाली काळा कातळ असे का, हे त्या बुजऱ्या मुलाने आता विचारावे कोणाला?

हा मुलगा मराठी कथेत आम्हांस क्वचितच भेटतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चौकस खरा, पण बुजरा नव्हे. एरवी शास्त्रवेड्या मुलाला विज्ञान-प्रदर्शनात पहिला क्रमांक मिळवून दिला की आमचे बालसाहित्य सुटकेचा निःश्वास टाकते. दुरावलेल्या मित्राचे काय झाले, हे तिथे कोणी विचारीत नाही. (बक्षीस मिळाल्यावर मित्र अधिकच दुरावतात, हे शिक्षकांना ठाऊक असते.)

त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो तो प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास' १९९४ मध्ये आले. मनातले नीट सांगता न येणे, हीच त्यातील मुलाची भाषा आहे. नवल हे, की संत याच सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडला, भूशास्त्र शिकवीत. तरी लंपनला त्यांनी ओढ दिली ती गाण्याची. २००३ मध्ये संत गेले. वर्गात हाताळलेला एखादा दगड त्यांनी लंपनच्या खिशात टाकला असता तर?