आपापली जागा

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक दहा वर्षांची मुलगी राहते. ती पियानो शिकते. म्हणजे क्लासात पियानो आणि घरी की-बोर्ड. आमच्या जिन्यातून माझं लोखंडी कपाट वर नेताना दोन हमालांनी मधल्या वळणावर बसून बिड्या ओढल्या होत्या, तिथे पियानोची काय कथा! तर तिच्या बाईंनी तिला मागच्या महिन्यात एक गृहपाठ दिला. पाच मोठ्या माणसांना त्यांचा आवडता पियानोवादक विचारायचा आणि तोच का, हे वहीत लिहून घ्यायचं.

मी पाचवा. (वयानं पहिला आहे, पण मी तळमजल्यावर राहतो आणि तिनं सुरुवात वरून केली.) आधीच्या चौघांनी काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय मी लिहिणार नाही, असं मी सांगितलं. बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस वरच्या सह्या बघितल्याशिवाय खाली सही करत नाही.

चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी लिहिलं होतं, 'ग्लेन गूल्ड'. खाली त्यांच्या सौभाग्यवतींनी लिहिलं होतं, 'गूल्ड सोडून कोणीही'. कारण : 'वाजवताना सारखा गुणगुणतो'. गूल्ड खरंच गुणगुणायचा, ते रेकॉर्डमध्येही ऐकू येतं, आणि या बाई ते लग्न झाल्यापासून ऐकताहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या गोवेकरांनी प्रश्नातला 'पियानोवादक' हा शब्द सरळ खोडला होता आणि लिहिलं होतं, 'पं. तुळशीदास बोरकर'. कारण : 'आमच्या बोरीचे'. बास. एवढंच.

आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिहिलं होतं, 'आपापल्या जागी सगळेच मोठे'.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

सेक्रेटरी माणूस चांगला आहे. मला काका म्हणतो, माझ्या नळाची तक्रार दुसऱ्याच दिवशी बघतो. पण हाच माणूस मे महिन्यात एपीएमसी मार्केटमधून पेटी आणतो (आंब्याची) आणि देवगड चांगला की रत्नागिरी, यावर जिन्यात उभा राहून तासभर भांडतो. त्या वेळी 'आपापल्या जागी सगळेच हापूस' असं म्हणताना मी त्याला कधी ऐकलेलं नाही. मिसळीत त्याला मत आहे. पार्किंगमध्ये तर इतकं मत आहे की जनरल बॉडीची मीटिंग दोनदा तहकूब करावी लागली. फक्त संगीताचा विषय निघाला की हा एकदम संत होतो. का? तर ऐकलेलं नसतं. ज्यानं दोन आंबे खाल्ले त्याला त्यातला एक जास्त आवडतोच. ज्यानं एकही खाल्ला नाही तोच म्हणतो, सगळे छान.

आणि जागा म्हणजे काय, ते तरी! नवी मुंबईत जागा म्हटलं की स्क्वेअर फूट. पण गाण्यात जागा म्हणजे ती, जिथे गवयानं किंवा वादकानं सुरांचं असं काही वळण घेतलं की आपला हात आपोआप मांडीवर पडतो. सगळं भांडण त्याच जागांवरून तर आहे. कुणी कुठली जागा घेतली, कुणी ती हुकवली, कुणी ती सोडून पलीकडची घेतली. 'आपापल्या जागी सगळेच मोठे' म्हणणाऱ्याला एकही जागा दाखवता येत नाही.

असो. मी माझ्या रकान्यात लिहिलं, 'गोविंदराव पटवर्धन'.

"आजोबा, ते पियानो वाजवायचे?"

"पेटी वाजवायचे. नाटकात ऑर्गन वाजवायचे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याच गं, पियानोची धाकटी बहीण समज."

"पण पेटी तर सगळे सारखीच वाजवतात ना? पट्टी दाबली की वाजते."

पोरीनं नेमकं दुखऱ्या दातावर बोट ठेवलं. पियानोची पट्टी जोरात मारली तर सूर मोठा, हळू मारली तर लहान. पेटीला ती सोय नाही. पट्टी लाडानं दाबा नाहीतर वैऱ्यासारखी दाबा, सूर तोच आणि तेवढाच. लहान-मोठं जे व्हायचं ते भात्यानं, आणि तेही वाजणाऱ्या सगळ्या सुरांचं एकदम. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड दोघींच्याही नशिबात नाही. मग पेटीवाल्याच्या हातात उरतं काय? भाता, बोट कधी ठेवायचं आणि कधी उचलायचं. एक सूर सुटायच्या आत दुसरा धरायचा, मध्ये तिसऱ्याचा कण लावायचा, भाता नेमका तेव्हाच किंचित हलका करायचा. आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय मींड घेतली! घेतलेली नसते. शुद्ध फसवणूक असते. आता कोण कुणाकडून आनंदानं फसतो, हे ज्याच्या त्याच्या कानावर आहे. तुमचा कान एका पेटीवाल्याच्या थापेला बळी पडतो, माझा दुसऱ्याच्या. यात सगळेच सारखे कसे असतील?

ज्यांना ही थाप अजिबात पचली नाही असे लोकही होते, आणि मोठे होते. पॅरिसच्या दबँनं १८४२ साली पेटंट घेतलेलं हे वाद्य, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी पुढे त्याला मांडी घालून बसायला शिकवलं. म्हणून ते आपलं होतं काय, असा त्यांचा सवाल. श्रुती नाहीत, मींड नाही, कान बिघडवतं. रवींद्रनाथ ठाकुरांनी कोलकाता रेडिओला तसं पत्र लिहिलं, रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन यांचंही मत तेच, आणि १ मार्च १९४० पासून रेडिओवरून पेटी हद्दपार झाली ती तीसएक वर्षं. माझ्या मते ही मंडळी साफ चुकली. पण मला ती सेक्रेटरींपेक्षा जवळची वाटतात. त्यांनी पेटी ऐकली, त्यांना ती टोचली, आणि ती टोचते असं त्यांनी सांगितलं. 'आपापल्या जागी सगळीच वाद्यं मोठी' असं लिहून गुरुदेवांनाही सुटता आलं असतं.

त्या बंदीचा एक परिणाम मात्र मजेशीर झाला. देशभर एकच पेटी सगळ्यांच्या घरात वाजली असं झालंच नाही. पी. मधुकरांच्या ध्वनिमुद्रिका होत्या, पण फोनो किती घरांत? त्यामुळे ज्यानं जी पेटी ऐकली ती समोर बसून ऐकली. नाटकाला गेलेल्याला नाटकातली, मैफलीला गेलेल्याला मैफलीतली, गोवेकराला देवळातली. आवड रेडिओतून आली नाही, ज्याच्या त्याच्या गल्लीतून आली.

माझी गिरगावातून आली. साठीच्या दशकात साहित्य संघात वडील आम्हा दोघा भावांना सर्वांत स्वस्त तिकिटावर नाटकाला न्यायचे. एकदा अशा खुर्च्या मिळाल्या की रंगमंचाचा अर्धा भाग दिसेना. दिसत होती ती ऑर्गनवाल्याची पाठ आणि उजवा हात. नाटकात काय झालं ते मला आजही माहीत नाही. पण नटानं पदाची ओळ टाकली आणि त्या हातानं ती अशी परत केली की त्यातले शब्द मला ऐकू आले. वाद्यातून शब्द! शेजारी बसलेले वडील म्हणाले, "गोविंदराव." देवाचं नाव सांगावं तसं.

पुढे मी त्यांना छोटा गंधर्वांबरोबर ऐकलं, कुमार गंधर्वांबरोबर ऐकलं, वसंतराव देशपांड्यांबरोबर ऐकलं. वसंतराव कुठल्या क्षणी कुठे उडी मारतील हे स्वतः वसंतरावांना तरी ठाऊक असायचं का, शंका आहे. पण गोविंदराव तिथे आधीच सतरंजी टाकून बसलेले असायचे. चेहऱ्यावर काही नाही. लोकल चुकू नये म्हणून घड्याळ बघणाऱ्या माणसाचा चेहरा.

माझा थोरला भाऊ मात्र नोकरीसाठी पुण्याला गेला आणि बिघडला. सवाई गंधर्व महोत्सवात रात्र-रात्र जागून त्यानं भीमसेनांच्या शेजारी आप्पा जळगावकरांना ऐकलं आणि तो कायमचा त्या पक्षात गेला. दादाचं म्हणणं, तुझे गोविंदराव पाच मिनिटांच्या नाट्यपदाचे राजे. एक तास यमन सांभाळायचा तर आप्पा. आप्पा गवयाच्या मागे सावलीसारखे असतात, पण ऊन बदललं की सावली किती लांब करायची हे सावली ठरवते. (हे दादाचं वाक्य. वाक्य बरं आहे, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.) माझं म्हणणं, सावलीशी गप्पा मारता येतात का? साथ म्हणजे बोलणं पाहिजे. तो म्हणायचा, साथ म्हणजे ऐकणं पाहिजे.

मी १९८० च्या सुमारास वाशीला आलो. लोक विचारायचे, खाडीपलीकडे राहणार? जणू काही अंदमान. रेल्वे यायला १९९२ साल उजाडलं. दादा पुण्याहून एस.टी.नं हायवेला उतरायचा, शबनममध्ये आप्पांच्या कॅसेट. जेवण झालं की भांडण सुरू. आमची ही म्हणायची, तुम्हा दोघांना वाटण्या करायला इस्टेट नाही म्हणून हे. १९९६ साली गोविंदराव गेले त्या दिवशी दादाचा ट्रंक कॉलसारखा ओरडून फोन आला, "ऐकलंस का? तुझ्यातले गेले रे." आणि मग बराच वेळ तो काही बोललाच नाही. पुणे-वाशी फोनचे तेव्हाचे दर बघता दादाच्या हयातीतला तो सर्वांत महागडा शोक असावा. २००९ साली आप्पा गेले तेव्हा मी फोन केला. मलाही बोलायला सुचलं नाही. चाळीस वर्षं मी ज्या माणसाला दुसऱ्या नंबरवर ठेवण्यासाठी घसा फोडला होता, त्याला मी किती बारकाईनं ऐकलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. विरुद्ध पक्षाइतकं आपल्या माणसाला कोणी ऐकत नाही. आपला काय, आपलाच असतो.

तीन वर्षांपूर्वी दादा गेला. भेटायला आलेला एकजण समजुतीनं म्हणाला, "जाऊ दे, तुमचे दोघांचेही कलाकार आपापल्या जागी मोठेच होते." मी पाणी प्यायलो म्हणून गप्प बसलो.

सेक्रेटरीला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला एवढंच विचारलं, "असं कसं रे तुला कोणी एक आवडत नाही?" तो म्हणाला, "काका, आवडीनिवडीत कसला वाद घालायचा?" अरे, मग कशात घालायचा? दोन आणि दोन चार होतात, यात कोणी वाद घालतं का? वाद घालण्याजोगी एकच गोष्ट देवानं माणसाला दिली, ती म्हणजे आवड. इंजिनिअरसाहेबांच्या गूल्डचंच बघा. बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स त्यानं १९५५ साली रेकॉर्ड केली तेव्हा अडतीस-एकोणचाळीस मिनिटांत आटपली. १९८१ साली तीच पुन्हा वाजवली, तर एक्कावन्न मिनिटं लागली. तोच माणूस, तोच बाख. हा बाबा स्वतःशीसुद्धा सहमत नव्हता आणि आमचा सेक्रेटरी एकाच ओळीत सगळ्यांशी सहमत!

आता आमच्या इमारतीत का जमत नाही, तेही सरळ आहे. सिडकोनं सेक्टर आखून दिले, त्यात गिरगावचा आला, गोव्याचा आला, साताऱ्याचा, पालघाटचा, लुधियान्याचा आला. घराला नंबर मिळाला, पण कान प्रत्येकजण सामानाबरोबर गावाहून घेऊन आला. गोवेकरांना बोरकरांचा सूर लागला की मांडवी दिसते. मला दिसते ती साहित्य संघातली खांबाआडची खुर्ची. बोरकर पी. मधुकरांचे शिष्य, त्यांच्या बोटात गुरूची लखलख आणि वर गोव्याचा गोडवा. हे मला मान्य आहे. पण गोड जास्त होतं. गोवेकरांना मी हे १९९४ पासून सांगतो आहे. ते मला तेव्हापासून 'घाईगर्दीच्या वादकाचे भक्त' म्हणतात. विष्णुदास भावे नाट्यगृहात आम्ही कार्यक्रमाला एकाच रिक्षानं जातो आणि बहुतेक वेळा एकमेकांशी न बोलता परत येतो. गेल्या दिवाळीत मी पडलो तेव्हा दवाखान्यात न्यायला सगळ्यात आधी तेच आले. त्या वाटेवरही गोडव्याचा विषय निघालाच.

तर, मुलीची वही. 'का?' या रकान्यात मी लिहिलं, 'घरी येऊन ऐक.' ती आली. बाजूला तिचे बाबा मोबाईल घेऊन. आधी गोविंदरावांचं नाट्यपद लावलं. पोरगी एकाग्र होऊन ऐकत होती. बोटं गुडघ्यावर हलत होती. मी मनात म्हटलं, जिंकलो. मग केवळ न्यायबुद्धी म्हणून दादाच्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेला आप्पांचा यमन लावला. दहा मिनिटांत तिची बोटं थांबली. मला वाटलं कंटाळली. संपल्यावर म्हणाली,

"आजोबा, हे दुसरे जास्त चांगले. पहिले आजोबा खूप बोलतात. हे ऐकतात."

हिला हे वाक्य कोणी शिकवलं? तिनं तर दादाला पाहिलेलंही नाही!

मी तिला म्हटलं, एका पदावरून मत बनवायचं नसतं, तू गोविंदरावांना कुमारांबरोबर ऐकलेलं नाहीस. ती म्हणाली, ऐकेन, पण मत बदलणार नाही. मी म्हटलं, बघू. रविवारी संध्याकाळी साडेसहाला तिला बोलावलंय. हिला चकल्या करायला सांगितल्या आहेत. गोवेकर म्हणतात, मीही येतो, बोरकर घेऊन. या म्हणावं.