पेटीतली गोधडी, रक्तातले मिलिव्होल्ट

बाळ सहा दिवसांचं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे, हिमोग्लोबिन उतरत चाललेलं. आईच्या आणि बाळाच्या रक्तगटात भांडण नव्हतं, जंतुसंसर्गही नव्हता. काचेवरच्या रक्ताला मिथाइल व्हायोलेटचा रंग दिला, तेव्हा तांबड्या पेशींच्या कडेला जांभळे ठिपके दिसले. आतलं हिमोग्लोबिन गोळा होऊन चिकटलं होतं. मी वॉर्डात गेले आणि बाळाच्या आजीला विचारलं, "आजी, बाळाचे कपडे कुठं ठेवले होते?"

"माझ्या पेटीत, बाई. झबली, टोपडं, गोधडी, सगळं माझ्या ह्या लेकीच्याच लहानपणचं. डांबरगोळ्या घालून जपलं होतं."

तालुक्याच्या गावी तीस वर्षं मी रक्त तपासते आहे. हा प्रश्न बाळंतिणीच्या खोलीत फार कमी वेळा विचारला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तांबडी पेशी दिवसभर ऑक्सिजन वाहते, आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात भलताच जोरकस. इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचा हा कल मिलिव्होल्टमध्ये मोजतात. त्यालाच रेडॉक्स पोटेन्शियल म्हणतात. ऑक्सिजनचा प्रमाण आकडा अधिक ८२० च्या आसपास, पेशीचं रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोनचा उणे २४०, आणि ग्लुटाथायोनला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या एनएडीपीएचचा उणे ३२०. पाणी उताराकडे जावं तसे इलेक्ट्रॉन उण्याकडून अधिकाकडे जातात. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे एनएडीपीएच भरून काढायची भिस्त साखरेच्या एकाच वाटेवर, आणि त्या वाटेच्या तोंडाशी जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम. ते दुबळं असलं की एरवी निभावतं. पण डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन अंगात शिरून त्याचे इलेक्ट्रॉन खेचणारे पदार्थ तयार झाले, की ग्लुटाथायोन रितं होतं. मग हिमोग्लोबिनमधल्या लोहाचा एक इलेक्ट्रॉन जातो आणि ते ऑक्सिजन धरेनासं होतं. प्रथिनातले गंधकाचे हात भलत्याच ठिकाणी एकमेकांत अडकतात आणि त्याची घडी मोडते. अमिनो आम्लांची माळ तीच असते, बदललेलं असतं ते भोवतालचं पोटेन्शियल. तेल लावलेल्या कोवळ्या अंगात नॅप्थलीन आणखी सहज मुरतं, आणि आपल्याकडे बाळाला तेल तर रोज लागतं.

एन्झाइमचा हा दोष परक्या मुलखातला नाही. मुंबईतल्या पारशी समाजात तो १९६३ मध्येच नोंदवला गेला. एका कोळी कुटुंबात सापडलेल्या प्रकाराला तर कल्याणचं नाव आहे. हिवतापावरच्या प्रायमाक्विनने काही जणांचं रक्त का फुटतं, याचं उत्तर म्हणून हेच एन्झाइम अमेरिकेतल्या संशोधकांनी १९५६ मध्ये दाखवलं. व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि त्यांना तिथून काढायला प्रायमाक्विनसारखं औषध लागतंच. म्हणून औषधाला घाबरा असं मी मुळीच म्हणणार नाही. पहिल्या गोळीआधी एक थेंब रक्त तपासा, एवढा आग्रह धरते. प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून तो थेंब घेतला जावा, निकाल लसीकरणाच्या कार्डावर लिहिला जावा, आणि डांबरगोळ्यांच्या पाकिटावर 'बाळाच्या कपड्यांत ठेवू नका' असं ठळक मराठीत छापलेलं असावं. यातलं काहीच अवघड नाही.

तपासणी तर अगदी साधी. द्रावणात मिसळलेलं रक्त गाळणकागदावर टाकायचं आणि अतिनील दिव्याखाली धरायचं. एनएडीपीएच तयार झालं असेल तर ठिपका चकाकतो. एक मेख मात्र आहे. रक्त नुकतंच फुटलेलं असताना म्हाताऱ्या पेशी आधीच गेलेल्या असतात, उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम बऱ्यापैकी असतं आणि निकाल फसवतो. ही गोष्ट डॉक्टरांच्याही ध्यानातून निसटते, म्हणून मुद्दाम लिहिते. त्या बाळाचा ठिपकाही पहिल्यांदा मंद चकाकला होता. निळ्या दिव्याखाली कावीळ उतरली, रक्त चढवावं लागलं नाही. तीन महिन्यांनी परत बोलावलं, तेव्हा ठिपका काळाच राहिला.

आजीने गोधडी धुऊन चार उन्हं दाखवली होती. कोणती औषधं टाळायची ते मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. हा दोष मुलग्याला आईकडून येतो, हेही सांगितलं. म्हणजे लेकीत तो आजीकडून किंवा आजोबांकडून आला असणार. आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "धाकटीला सातवा लागलाय, बाई. तिच्या बाळाचं पहिल्याच दिवशी बघाल ना?"

मी वहीत तारीख लिहून घेतली.