आरोग्यविचार : हिरड्यांतील जंतु आणि हृदयाच्या धमन्या

हृदयविकार म्हणजे बैठें काम आणि तुपाची वाटी यांचें फळ, अशी समजूत आपल्या घरांतून अद्याप दृढ आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतला शेतकरी आषाढांत चिखलांत उभा राहून भाताची लावणी करतो. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर राबावयास जातें. त्यांच्या ताटांत भात, नाचणीची भाकरी आणि सुकट. अशा माणसांना धमन्यांचा रोग कशाला होईल, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेनें त्या जिल्ह्यांतील ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या काळांतील मृत्यूंची चौकशी केली, तेव्हां दर सात मृत्यूंमागें एक मृत्यु अर्धांगवायूनें झाल्याचें आढळलें. अर्धांगवायु म्हणजे मेंदूच्या धमनींत गुठळी अडकणें किंवा ती धमनी फुटणें. गडचिरोलीचीं तीं खेडीं जंगलांतलीं, भातावर जगणारीं. आमच्या ठाणें जिल्ह्यांतील या दोन तालुक्यांशीं त्यांचें पुष्कळ साम्य आहे. तेव्हां कष्ट करणाऱ्याच्या धमन्या सुरक्षित असतात, हा भ्रम आतां सोडलाच पाहिजे.

मग या रोगाचें मूळ कोठें आहे? तंबाखू, रक्ताचा वाढलेला दाब आणि मधुमेह हीं मोठीं कारणें सर्वमान्य आहेत, आणि रक्तदाब तर वर्षानुवर्षें कोणी मोजलेलाच नसतो. पण याखेरीज एक प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ वैद्यांच्या मनांत घोळत आहे. धमन्या बिघडविण्यांत जंतूंचाहि कांहीं हात आहे काय?

हा प्रश्न पोकळ नव्हे. उपदंशाचे जंतु हृदयापासून निघणारी महाधमनी पोखरतात, ही गोष्ट निर्विवाद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं सर विल्यम ऑस्लर यांनीं तीव्र जंतुरोगांची गणना धमन्या कठीण होण्याच्या कारणांत केली होती. पुढें कोलेस्टेरॉलचा शोध पुढें आला आणि हा विचार मागें पडला. तो पुन्हां जागा झाला तो पोटाच्या रोगामुळें. ऑस्ट्रेलियांतील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनीं १९८२ च्या सुमारास पोटांतील व्रणाचें कारण एक जंतु आहे असें दाखविलें. प्रथम त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवीना. २००५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. काळजी व तिखट यांवर ज्याचा दोष घालीत होते तो रोग जंतूचा निघाला, तर हृदयविकारहि तसाच निघेल, अशी आशा कित्येकांस वाटली. १९८८ सालीं फिनलंडमधील संशोधकांस हृदयविकाराच्या रोग्यांच्या रक्तांत ‘क्लॅमिडिया’ नांवाच्या, फुप्फुसाला ग्रासणाऱ्या जंतूच्या खुणा अधिक सांपडल्या. दुसऱ्याच वर्षीं त्याच देशांतील वैद्यांनीं सांगितलें कीं, हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दांत व हिरड्या इतरांच्या मानानें फार वाईट असतात.

मग परीक्षा सुरू झाली. जंतु हेंच कारण असेल, तर जंतूंस मारणाऱ्या औषधानें झटके कमी व्हावयास पाहिजेत. २००५ सालीं दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष एकदमच प्रसिद्ध झाले. एकांत ४,०१२ रोग्यांवर एक वर्ष, दुसऱ्यांत ४,१६२ रोग्यांवर सुमारें दोन वर्षें हा प्रयोग चालला होता. निम्म्यांस प्रतिजैविक औषध दिलें, निम्म्यांस नुसती निरुपयोगी गोळी. दोन्हीं गटांत कांहीं फरक पडला नाहीं. डेन्मार्कमधील ४,३७३ रोग्यांवरील प्रयोगांत तर औषध घेणाऱ्यांतच हृदयरोगानें अधिक मृत्यु झाले, असें २००६ सालीं उघडकीस आलें. गुळाच्या ढेपेवर मुंगळे दिसतात, म्हणून ढेप मुंगळ्यांनीं केली असें कोणी म्हणत नाहीं. धमनींत जंतु सांपडला एवढ्यावरून तो रोगाचा कर्ता ठरत नाहीं.

यावरून आमच्या वाचकांनीं एक गोष्ट मनांत पक्की धरावी. हृदयासाठीं म्हणून प्रतिजैविक औषध स्वतःच्या मनानें घेऊं नये, आणि कोणी आग्रह केला तरी घेऊं नये. यास अपवाद एकच सांगतों, कारण गैरसमजानें घात होईल. लहानपणीं सांधे सुजून येणाऱ्या तापामुळें ज्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या आहेत, त्यांना पेनिसिलिनचीं ठरलेलीं इंजेक्शनें चालू असतात. तीं कदापि थांबवूं नयेत. अशा रोग्यांनीं, तसेंच ज्यांना कृत्रिम झडप बसविली आहे त्यांनीं, दांत काढण्यापूर्वीं आपली ही स्थिति दंतवैद्यास अवश्य सांगावी.

तर मग हिरड्यांचा संबंध खोटा काय? तसेंहि नाहीं. दांतांवर जें कीटण सांचतें तें जंतूंचें वारूळच असतें. हिरड्या सुजून रक्ताळल्या कीं, प्रत्येक घासासरशीं थोडेसे जंतु रक्तांत उतरतात. त्यांच्यामुळें शरीरांत मंद दाह धुमसत राहतो, आणि धमनीच्या भिंतींत मेदाचा थर सांचणें व तो फुटणें या दोन्हींत दाहाचा वांटा असतो, हें आज मान्य झालें आहे. २०२५ सालीं फिनलंडच्या ताम्पेरे येथील संशोधकांनीं अकस्मात् मरण पावलेल्या १२१ माणसांच्या हृदयधमन्या तपासल्या. त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिकांच्या मेदाच्या थरांत तोंडांत राहणाऱ्या एका जातीच्या जंतूंचे अंश आढळले. तथापि हिरड्या सुधारल्यानें हृदयविकार टळतो असें सिद्ध झालेलें नाहीं, असें अमेरिकेच्या हृदयरोग संघानें २०१२ सालीं स्पष्ट सांगितलें होतें. वाईट हिरड्या आणि वाईट धमन्या या दोन्हींचें मूळ बहुधा एकच असतें. तें म्हणजे तंबाखू.

येथें आम्हांस मिश्रीविषयीं बोलणें भाग आहे. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड शहापूर-मुरबाडकडील कितीतरी स्त्रिया दांतांस लावतात. आपल्या घरांतून मिश्रीस नाक मुरडतात. परंतु आजींच्या चंचींतली तपकीर दांतांस लागते, तिला कोणी व्यसन म्हणत नाहीं. आरंभ बहुधा दांतदुखीनें होतो. तंबाखूनें ठणका घटकाभर बधिर होतो, आणि मग ती सुटत नाहीं. तिच्यानें हिरड्या दांतांपासून सुटतात, तोंडाच्या कर्करोगाचें भय वाढतें, आणि तिच्यांतील निकोटीन रक्तांत जाऊन धमन्या आकसवितें. जी सून सासूबाईंचे पाय चेपते, तिनेंच गोडीनें ही पूड सोडविली पाहिजे. मात्र प्रथम दुखरा दांत दाखवून आणावा. दुखणें कायम ठेवून व्यसन सुटत नाहीं.

जंतूंचा दुसराहि एक संबंध आहे, व तो अधिक निश्चित आहे. ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदींवरून २००४ सालीं असें दिसून आलें कीं, श्वसनमार्गाचा संसर्ग झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव जवळजवळ पांचपट होतो. नुकताच झटका येऊन गेलेल्या २,५७१ रोग्यांपैकीं निम्म्यांस फ्ल्यूची लस टोचली, तेव्हां वर्षभरांत मृत्यु किंवा नवा झटका अशा आपत्ति लस घेतलेल्यांत ५.३ टक्के व इतरांत ७.२ टक्के आढळल्या; हा प्रयोग २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणून घरांतील हृदयरोगी वडीलधाऱ्यांस ही लस देण्याविषयीं डॉक्टरांस विचारावें. पावसाळ्यांत त्यांस ताप-खोकला आला, तर रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत, आणि छातींत कळ आली तर ती ‘वायूची’ म्हणून ओव्यावर भागवूं नये. शहापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडास ग्रामीण रुग्णालय आहे; पण टोकावड्याकडील वाडीवरून तेथें पोहोंचावयास वेळ लागतो, आणि पुढें कल्याण गांठावें लागलें तर आणखी. यास्तव विचार करीत न बसतां १०८ क्रमांकावर गाडी मागवावी.

सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं दांत घासणें, हिरड्यांतून रक्त आल्यास दंतवैद्याकडे जाणें, वर्षांतून दोनदां रक्तदाब मोजणें आणि घरांतून तंबाखू हद्दपार करणें, एवढें प्रत्येक कुटुंबास साधण्याजोगें आहे. शेतावर किंवा घरीं कामास येणाऱ्या माणसांचाहि रक्तदाब आपल्याच बरोबर मोजवावा. ज्यांच्या श्रमावर आपलें घर चालतें, त्यांच्या धमन्यांची काळजी घेणें हें आपलेंहि कर्तव्य आहे.