कुपन कुठलं, खर्च कुठला?

एके काळी पगारासोबत ऑफिसातून जेवणाची कुपनं मिळायची, आठवतंय? उडप्याकडे चालायची, किराण्याच्या दुकानात चालायची, पण पेट्रोल पंपावर पुढे केलीत तर पंपावरचा पोरगा नुसता हसायचा. पैसा तुमचाच, तुमच्याच सीटीसीतला. पण त्यावर आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असायचं की हा पोटासाठी, गाडीसाठी नाही.

सरकारी पैशाचाही फंडा अगदी हाच असतो. 'केंद्रानं कोरोनासाठी इतके हजार कोटी दिले' अशी हेडलाइन वाचली की आपल्याला वाटतं, आता नगरपालिकेच्या खात्यात घसघशीत रक्कम पडली, करा काय हवं ते. तसं होत नाही, बॉस. पडतात ती कुपनं. प्रत्येकाचा रंग वेगळा, प्रत्येकावरची सही वेगळ्या माणसाची. साथ येऊन गेली, आपण मास्क ड्रॉवरमध्ये टाकले आणि विसरलो. पण ती कुपनं कुठं खर्च झाली हा प्रश्न अजून विचारण्यासारखा आहे. त्यासाठी या आठवड्यात भिंगारला जाऊ या.

पुण्याहून नगर गाठायचं (२०२४ पासून अहिल्यानगर, पण स्टँडवर अजून सगळे नगरच म्हणतात) आणि पाथर्डीच्या रस्त्याला लागायचं. थोड्याच वेळात भिंगार येतं. १७०७ मध्ये औरंगजेबानं डोळे मिटले ते इथलेच. आजूबाजूला रणगाडे, लष्करी शाळा, टँक म्युझियम. आणि इथली गंमत अशी की महापालिका मागेच संपलेली असते. भिंगार येतं अहमदनगर कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. कचरा, पाणी, दिवे, दवाखाना, सगळं बोर्ड बघतं, आणि बोर्डाचा साहेब मुंबईत मंत्रालयात बसत नाही. तो बसतो दिल्लीत, संरक्षण मंत्रालयात. थोडक्यात, मतदान आमदाराला, नळ दिल्लीचा! महाराष्ट्रात अशी सात कॅन्टोन्मेंट: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी.

आता साथीच्या काळातली पहिली थैली बघू. १४ मार्च २०२० ला केंद्रानं कोरोनाला आपत्ती मानलं, म्हणजे पूर, भूकंपाच्या पंक्तीला बसवलं. त्यामुळं राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे ज्याला एसडीआरएफ म्हणतात, तो उघडला. ३ एप्रिल २०२० ला केंद्रानं सगळ्या राज्यांना मिळून ११,०९२ कोटींचा आगाऊ हप्ता दिला, त्यात महाराष्ट्राचे १,६११ कोटी. यातून काय चालायचं? क्वारंटाइन सेंटर, तिथलं जेवणखाण, स्वॅब गोळा करणं, तपासणीच्या लॅब, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर. आणि एक फार चांगली गोष्ट, पीपीई किट फक्त डॉक्टरांसाठी नव्हे, पालिकेच्या सफाई कामगारांसाठी, पोलिसांसाठी, अग्निशमनवाल्यांसाठीसुद्धा. पण यालाही मर्यादा होती. वर्षाच्या निधीतला ३५ टक्केच कोरोनावर वापरायचा, उरलेला पावसापाण्यासाठी राखून ठेवायचा. सप्टेंबर २०२० मध्ये ती ५० टक्के झाली.

या थैलीची दोरी नगराध्यक्षाच्या हातात नसते, बोर्डाच्या तर नाहीच. ती राज्य सरकार आणि जिल्हाधिकारी यांच्या हातात. राज्याची स्वतःची थैलीही तशीच गेली. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट डोक्यावर असताना जिल्हा वार्षिक योजनेतले ३० टक्के, राज्यभराचे मिळून ३,३०० कोटी, कोविडसाठी वापरायला परवानगी मिळाली. तीही जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. आणि आपल्याला ज्या थैलीची सगळ्यात जास्त सवय, 'खासदार निधीतून' असं बोर्डावर लाल अक्षरात लिहिलेली, ती एप्रिल २०२० मध्ये चक्क बंदच झाली. थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू.

भिंगारच्या वाट्याला यातून काय आलं? बोर्डाचा स्वतःचा दवाखाना आहे, कॅन्टोन्मेंट जनरल हॉस्पिटल. मे २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं सांगितलं की देशातली ३९ कॅन्टोन्मेंट बोर्डं मिळून ४० हॉस्पिटलं चालवतात आणि त्यांत सुमारे १,२४० खाटा आहेत. पुणे, खडकी, देवळालीची हॉस्पिटलं कोविड रुग्णालयं झाली. कोविड केअर सेंटरच्या यादीत खडकी, देवळाली, देहूरोड, झाशीबरोबर अहमदनगरचं नाव होतं. या पाच ठिकाणच्या मिळून खाटा ४१८. केअर सेंटर म्हणजे सौम्य लक्षणांचं ठिकाण. श्वास लागला की पेशंट उचलायचा आणि गाव ओलांडून मोठ्या हॉस्पिटलला न्यायचा.

इथं थोडं थांबू या, कारण खरी मेख इथं आहे. खाटा, सिलिंडर, किट या सगळ्या गोष्टी साथीच्या पैशातून घेता येतात. पण साथ गेल्यावर दवाखाना जरा बऱ्या अवस्थेत राहावा, पुढच्या वेळी पेशंटला गाव ओलांडावं लागू नये, याचा पैसा कुठला?

ते कुपन दुसऱ्या रंगाचं. एन. के. सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या १५ व्या वित्त आयोगाचं. वित्त आयोग म्हटलं की डोळे मिटायला लागतात, माहितीय. पण फक्त दोन परिच्छेद!

आयोगानं आधी २०२०-२१ या एका वर्षासाठी देशभरच्या स्थानिक संस्थांना ९०,००० कोटी सुचवले होते. हा हिशोब साथीच्या आधीचा, पण नेमका साथीत उपयोगी पडला. त्यात आपल्यासाठी कामाची ओळ म्हणजे यात कॅन्टोन्मेंट बोर्डांनाही लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा द्या, असं आयोगानं राज्यांना सांगितलं. २०११ च्या जनगणनेत अहमदनगर कॅन्टोन्मेंटची लोकसंख्या सुमारे २८ हजार. वाटा लहानच होणार, पण हक्काचा. पैसा दिल्लीहून राज्याकडे आणि राज्यानं १० कामकाजाच्या दिवसांत खाली सोडायचा, उशीर झाला तर व्याजासकट. (आपल्या एचआरला कुणीतरी हा नियम वाचून दाखवा.)

पुढे २०२१ ते २०२६ साठीच्या मोठ्या अहवालात कोरोनाची सावली स्पष्ट दिसते. स्थानिक संस्थांसाठी एकूण ४,३६,३६१ कोटी. त्यातले ७०,०५१ कोटी निव्वळ आरोग्यासाठी, स्थानिक संस्थांच्या हातून खर्चायचे. त्यांपैकी शहरांचा भाग २६,१२३ कोटी. तो कशाला? वॉर्डातल्या छोट्या आरोग्य केंद्रांना, तिथल्या रक्ततपासणीच्या सोयींना. काचेच्या चकाचक हॉस्पिटलांना नाही. मला विचाराल तर हा त्या अख्ख्या अहवालातला सगळ्यात शहाणा निर्णय आहे. दुसऱ्या लाटेत मोठ्या हॉस्पिटलांवर गर्दी कोसळली, त्याचं एक कारण म्हणजे खालच्या पायरीवर साधी तपासणी आणि साधा सल्ला मिळण्याची जागा नव्हती.

दहा लाखांहून लहान शहरांना मिळणाऱ्या नेहमीच्या अनुदानाचं गणित तर आपल्या पे-स्लिपसारखं आहे. ६० टक्के बांधलेले: निम्मे स्वच्छता आणि कचऱ्यावर, निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, पाण्याचा पुनर्वापर यांवर. उरलेले ४० टक्के मोकळे, म्हणजे गावाला जी गरज वाटेल तिच्यावर. फक्त एक अट. पगार आणि ऑफिसखर्चावर नाही.

बघा, घोळ कळला? मोकळ्या पैशातून तुम्ही सोनोग्राफीचं मशीन घेऊ शकता. ते चालवणाऱ्या माणसाला पगार देऊ शकत नाही. तो पगार पालिकेनं स्वतःच्या कमाईतून द्यायचा. आणि कमाई? जकात गेली, एलबीटी गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. महापालिकांना राज्यानं भरपाई दिली. आम्हाला त्यातलं काही मिळत नाही, अशी कॅन्टोन्मेंट बोर्डांची कुरकुर जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. मग उरतं काय, तर घरपट्टी आणि संरक्षण मंत्रालयाचं अनुदान. अशा बोर्डाला मशीन देऊन टेक्निशियन न देणं म्हणजे बाइक दिली, किल्ली नाही.

अमेरिकेत याच बाबतीत वेगळं केलं. तुमचा न्यू जर्सीतला मित्र सांगेल. ११ मार्च २०२१ च्या कायद्यानं राज्यं, काउंट्या आणि शहरांना मिळून ३५० अब्ज डॉलर दिले गेले. अटी होत्याच: पेन्शन फंडात टाकायचे नाहीत, जुनी कर्जं फेडायची नाहीत, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कामं नक्की करायची आणि २०२६ संपेपर्यंत पैसा खर्चायचा. पण साथीत बुडालेलं उत्पन्न भरून काढायला मुभा होती. लहान गावांना तर १ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम 'बुडालं' असं धरून रोजच्या कामकाजावर, अगदी पगारावरही, खर्चता येत होती. पाणी, गटारं, ब्रॉडबँड चालत होतं. काढून टाकलेली माणसं परत घेणं चालत होतं. तिथंही काही ठिकाणी उधळपट्टी झाल्याची टीका झालीच. पण यंत्रामागे माणूस लागतो एवढं त्या नियमात गृहीत धरलेलं होतं.

माणूस आणि देखभाल, या दोन बिनग्लॅमरच्या गोष्टी विसरल्यावर काय होतं ते नगरनं पाहिलंय. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. जिल्हा रुग्णालयातल्या कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. हा विभाग साथीच्या काळातच नव्यानं उभा केलेला होता. हॉस्पिटल राज्य सरकारचं, बोर्डाचं किंवा महापालिकेचं नाही. पण भिंगारचा गंभीर पेशंट जातो कुठं? तिथंच. कोटीच्या कोटी आकडे वाचताना मला दर वेळी तो दिवस आठवतो. खाटा किती वाढवल्या हे प्रेसनोटमध्ये येतं. वायरिंग कुणी तपासलं, धूर निघाल्यावर पाण्याचे फवारे उडतील का, हे येत नाही. मोकळ्या ४० टक्क्यांतून पहिला खर्च कसला करावा, असं कुणी मला विचारलं (विचारत नाही कुणी), तर मी म्हणेन दवाखान्याची वायरिंग आणि आगीचा बंदोबस्त. फीत कापायला काही नसतं त्यात, हे मान्य.

पण भिंगारमध्ये हे ठरवणार कोण? हाही प्रश्न साधा नाही. कॅन्टोन्मेंट कायदा २००६ चा. त्यानुसार या आकाराच्या बोर्डात सात सदस्य लोकांनी निवडून दिलेले असतात. २०१५ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत वाढवत वाढवत फेब्रुवारी २०२१ पर्यंत नेली आणि मग संपली. त्यानंतर तीन जणांचं बोर्ड: लष्करी अधिकारी अध्यक्ष, मुख्याधिकारी आणि केंद्रानं नेमलेला एक नागरिक. तारीख नीट बघा. दुसरी लाट मार्च-एप्रिल २०२१ ची. म्हणजे नगरसेवकाच्या दारात जाऊन 'भाऊ, आमच्या आईला बेड बघा ना' म्हणायची सगळ्यात जास्त गरज होती, तेव्हाच निवडून दिलेला भाऊ खुर्चीवर नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातल्या ५७ बोर्डांची निवडणूक जाहीर झाली, मतदान ३० एप्रिलला ठरलं, लोकांनी तयारी सुरू केली आणि मार्चमध्ये ती रद्द. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हिमाचलातल्या योल कॅन्टोन्मेंटमधली नागरी वस्ती बाहेर काढली गेली आणि बाकीच्या बोर्डांच्या नागरी भागांचंही तसंच करायचा विचार पुढे आला.

नागरी वस्ती शेजारच्या महापालिकेत जावी की नाही यावर भिंगारचे दोन मित्र एका कटिंगवर तासभर भांडू शकतात. एक म्हणेल, राज्याच्या योजना तरी मिळतील. दुसरा म्हणेल, महापालिकेनं स्वतःच्या उपनगरांचं काय भलं केलंय? माझं मत पहिल्याच्या बाजूनं झुकतं, पण एका अटीवर. साथीच्या नावानं आलेल्या प्रत्येक कुपनाचा हिशोब जाण्याआधी टेबलावर मांडला जावा. घर बदलताना आपण लाइटबिलं क्लिअर करतो, तसा.

आणि तो मागता येतो, हीच तर गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही. वित्त आयोगाच्या पैशासाठी अटच होती की स्थानिक संस्थेनं आपले हिशोब सगळ्यांना ऑनलाइन बघता येतील असे ठेवायचे. केंद्राच्या सिटीफायनान्स पोर्टलवर शहरांचे हिशोब चाळता येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅन्टोन्मेंटसाठी ई-छावणी पोर्टल सुरू झालं, तिथं तक्रार घरबसल्या टाकता येते. लंच अवरमध्ये रील बघण्यापेक्षा एकदा हे बघा.

बाकी माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये फी, अर्ज मराठीत चालतो, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न मात्र नेमका हवा. 'कोरोनाचा पैसा कुठे गेला' असं विचारलंत तर गोल गोल उत्तर येणार. '२०२०-२१ पासून वित्त आयोगाच्या अनुदानातून वर्षनिहाय किती रक्कम मिळाली, बांधील किती, मोकळी किती, मोकळ्या रकमेतून कोणती कामं झाली, दवाखान्याचं शेवटचं फायर ऑडिट कधी झालं आणि त्यातल्या किती सूचना पूर्ण झाल्या' असं विचारा. 'संरक्षणाशी संबंधित, देता येत नाही' असं कुणी म्हणालंच तर घाबरू नका. गटार, नळ आणि दवाखान्याचं वायरिंग ही लष्करी गुपितं नाहीत. फक्त पत्ता नीट लिहा. रस्त्याच्या नगरकडच्या बाजूला राहत असाल तर महापालिकेविरुद्धचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातं. भिंगारमध्ये राहत असाल तर थेट दिल्लीला, केंद्रीय माहिती आयोगाकडे.