मानेला हिसका बसला तर आधी तपासणी, मग उपचार



सिग्नलला उभ्या असलेल्या टॅक्सीला मागून गाडी धडकते. रक्त नाही, फ्रॅक्चर नाही. 'काही झाले नाही' म्हणत आपला माणूस दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जातो. संध्याकाळी मात्र मान वळत नाही, डोके ठणकते, खांदे भरून येतात. या दुखण्याला 'व्हिपलॅश' म्हणतात. व्हिप म्हणजे चाबूक. धडक बसताच धड पुढे ढकलले जाते, डोके मागे राहते आणि लगेच पुढे फेकले जाते. त्यात मानेचे स्नायू व सांधे ताणले जातात. दुखणे कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. एक्स-रेत हाडे दिसतात, ताणलेले स्नायू दिसत नाहीत. म्हणून एक्स-रे चांगला आला तर घरच्यांनी वा साहेबाने 'नाटक करतो' असे म्हणू नये.

अशा वेळी कोणी हाडवैद्याकडे नेतो, कोणी सलूनमध्ये मान मोडून घेतो. आता मोठ्या शहरांत कायरोप्रॅक्टरही आहेत. हातांनी मणक्यांना झटका देण्याची ही पद्धत अमेरिकेत १८९५ साली डॅनियल पामर यांनी सुरू केली. मोबाईलवर तिचे व्हिडिओ सर्वांनी पाहिलेच असतील. जाणत्या हातांच्या सौम्य उपचाराने, सोबत व्यायाम केल्यास, काहींना आराम पडतो. परंतु कडकन आवाज आला म्हणजे मान बरी झाली, असे नव्हे. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतूनच जातात. जोराच्या झटक्याने धमनीचे अस्तर फाटून लकवा होऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण कमावता माणूस अंथरुणाला खिळला तर घर बसते. म्हणून अपघातानंतर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोणालाही मान मोडू देऊ नका.

हातापायांना मुंग्या किंवा कमजोरी, चक्कर, बोलताना अडखळणे, लघवीवरचा ताबा जाणे, मानेच्या मधल्या हाडावर दाबताच कळ येणे, यांपैकी काहीही असल्यास ताबडतोब रुग्णालय गाठा. वय ६५ वा अधिक असल्यास तपासणी टाळूच नका.

धोक्याचे काही नसेल, तर महिनाभर पट्टा बांधून पडून राहू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने मान हळूहळू हलवावी, नेहमीची कामे सुरू ठेवावीत आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावा. सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो.

आता कागदपत्रांचे. डॉक्टरांना 'मान दुखते' एवढेच न सांगता वाहन अपघात झाल्याचे सांगा व केसपेपरवर तशी नोंद करून घ्या. पोलिसांत वर्दी द्या. औषधांच्या पावत्या आणि बुडालेल्या पगाराचा दाखला जपून ठेवा. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करता येतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीत त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती उलटू देऊ नका. तसेच ५ मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमींवर नेमलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार होतात.

आणि टॅक्सी, टेम्पो चालविणाऱ्या बांधवांनो, सीटमागची उशी डोक्याच्या उंचीला आणून ठेवा. पैसा लागत नाही, मान मात्र वाचते.