सर्व्हरच्या डिस्क : पोटात की पेटीत?

शाळा-महाविद्यालयांत सर्व्हर असणे ही आता नवलाई राहिलेली नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी, निकाल, प्रयोगशाळेतील मापने, ग्रंथालयाची सूची असे सारे त्यात जाऊन बसते. असा सर्व्हर विकत घ्यायची वेळ आली, की एक प्रश्न हटकून पुढे येतो. डिस्क सर्व्हरच्या आतच बसवायच्या, की त्यांची निराळी पेटी घेऊन ती केबलने सर्व्हरला जोडायची? पहिल्या प्रकाराला अंतर्गत डिस्कसंच म्हणतात, दुसऱ्याला बाह्य. मोठी पेटी दिसायला भारदस्त असते आणि विकणाऱ्यालाही ती आवडते. माझे मत मात्र असे, की एका शाळेच्या एका सर्व्हरला अंतर्गत संच पुरतो आणि पेटीचे पैसे दुसरीकडे खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे.

मुळात एकाहून अधिक डिस्क कशाला, ते आधी पाहू. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कचा संच वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. पण डिस्क वाढल्या की त्यांतली एखादी बिघडण्याचा संभवही वाढतो. त्यावर तोड अशी : समजा, तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ असे बिट आहेत. चौथ्या डिस्कवर असा बिट लिहायचा, की एकूण १ ची संख्या सम व्हावी. येथे तो ० येईल. आता दुसरी डिस्क बंद पडली, तर उरलेले १, १ आणि ० पाहून हरवलेला बिट ० होता हे तुम्हीही सांगू शकाल. नियंत्रक हेच काम अब्जावधी बिटांसाठी करतो.

आता वेगाचा मुद्दा घेऊ. डिस्क बाहेर असली तर वेळ अधिक लागेल, असे काहींना वाटते. बाहेरची पेटी स्वतंत्र असल्याने अधिक वेगवान असते, असे दुसरे सांगतात. दोन्ही समजुती तपासून पाहा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली जागा वाचनशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. त्याआधी शीर्षाचा दांडा सरकायला सुमारे ८ मिलिसेकंद धरा. एकूण १२ झाले. याउलट एक मीटर केबलमधून विद्युत-संकेत जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. या दोन वेळांचे गुणोत्तर २४ लाख येते! तेव्हा डिस्क आत आहे की बाहेर, याचा वेगाशी जवळजवळ काही संबंध नाही.

खरी अडचण पुढेच असते. शाळेच्या संगणक-कक्षातले सारे संगणक सर्व्हरशी बहुधा एक गिगाबिटच्या एकाच तारेने जोडलेले असतात. त्या तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात. सलग वाचन करताना आजची एकच डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटच्या आसपास देते. मग चोवीस डिस्कची पेटी आणून मिळवले काय? अर्थात शेकडो लहान लहान नोंदी इकडून तिकडून वाचायच्या असतील, तर डिस्कची संख्या उपयोगी पडते, कारण वरच्या हिशेबाने एक डिस्क सेकंदाला अशी ८० च वाचने करू शकते. पण त्यासाठी न फिरणाऱ्या, अर्धवाहकाच्या दोन डिस्क सर्व्हरच्या पोटात बसवल्या की काम भागते. त्यांत दांडाच नाही, मग सरकणार काय?

बिघाडाचे गणित वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहे. समजा, वर्षभरात शंभरातल्या दोन डिस्क बिघडतात. मग चार डिस्कच्या संचात वर्षभरात निदान एक बिघडण्याचा संभव सुमारे ८ टक्के येतो आणि चोवीस डिस्कच्या पेटीत ३८ टक्के. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली, की तिच्यावरचे सारे पुन्हा लिहावे लागते. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटने भरायची तर ८०,००० सेकंद, म्हणजे बावीस तासांहून अधिक वेळ हवा. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर? म्हणूनच मोठ्या संचात एकाऐवजी दोन डिस्कइतकी जागा अशा जादा बिटांसाठी राखतात. पेटीबरोबर तिची वीजजोडणी, तिचे पंखे आणि तिची केबल ही बिघडण्याची नवी ठिकाणेही येतात.

कंपनांचेही पाहा. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील ब्रेंडन ग्रेग हा अभियंता डिस्कच्या पेट्यांजवळ तोंड नेऊन मोठ्याने ओरडला आणि डिस्कना लागणाऱ्या वेळेचा आलेख त्या क्षणी उंच उसळला. ध्वनीच्या कंपनांनी वाचनशीर्ष जागेवरून ढळते, ते असे. डळमळत्या लाकडी कपाटावर पेटी ठेवणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

बाह्य संच निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. दोन सर्व्हरना एकच माहिती वापरायची असेल, किंवा सर्व्हरच्या खणांत डिस्क मावेनाशा झाल्या असतील, तर त्याला पर्याय नाही. सर्व्हर जळाला तर पेटी दुसऱ्या जुळत्या सर्व्हरला जोडता येते, हा फायदाही खरा. रुग्णालयाला किंवा विद्यापीठाला याची गरज पडते. पाचशे विद्यार्थ्यांच्या शाळेला ती क्वचितच पडेल.

आणि ज्यासाठी पैसे वाचवायचे ते कलम बहुतेक खरेदीत नसतेच. डिस्कसंच आत असो की बाहेर, तो म्हणजे दुसरी प्रत नव्हे! कोणी चुकून दहावीच्या निकालाची फाइल पुसली, तर संच ती सर्व डिस्कवरून तत्परतेने पुसतो. वीज कोसळली किंवा छत गळले, तर संचातल्या साऱ्या डिस्क एकदमच जातात. तेव्हा पेटीऐवजी दोन साध्या सुट्या डिस्क घ्याव्यात. आठवड्याला आलटून पालटून त्यांवर प्रत काढावी आणि त्यांतली एक नेहमी दुसऱ्या इमारतीत, कुलपात असावी. सत्रातून एकदा त्या प्रतीवरून एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहावी. हे काम अकरावीच्या दोन विद्यार्थ्यांकडे आनंदाने सोपवता येईल, मात्र निकालांच्या फाइली शिक्षकांनी स्वतःच हाताळाव्यात.